अंदाजासोबत आभाळाची एक खूण द्या : स्थानिक हवामान अंदाज देणाऱ्यांना खुले पत्र

स्थानिक हवामान अंदाज तयार करणाऱ्या, तपासणाऱ्या आणि लोकांपर्यंत पोचवणाऱ्या सर्वांना,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तक्रारीचे नाही, हे आधीच सांगते. अंदाज चुकला की थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. तुमचे काम किती अवघड आहे याची थोडीफार कल्पना मला आहे, कारण गेली नऊ वर्षे मी रोज सकाळी सात, दुपारी एक आणि संध्याकाळी सहा अशा तीन वेळा आभाळाची नोंद वहीत करते. शेजारी तुमचा त्या दिवसाचा अंदाज उतरवते आणि रात्री प्रत्यक्षात काय झाले ते लिहिते. मागणे एकच आहे. तुमच्या रोजच्या अंदाजाला एक ओळ जोडा. अंदाज खरा ठरणार असेल तर आभाळात आधी काय दिसेल आणि फिसकटणार असेल तर काय दिसेल, एवढे सांगणारी एक ओळ.

आज आमच्या हाती येते ते असे : अर्धा झाकलेला सूर्य, त्यावर एक ढग, खाली ३० टक्के. तो ढग दरवेळी तोच असतो, खालून सपाट आणि वरून गोलगोल. दिवसभराच्या संततधारेलाही तोच, अर्ध्या तासात झोडपून जाणाऱ्या वादळी पावसालाही तोच आणि नुसत्या मळभालाही तोच. खरे तर हे तिन्ही ढग एकमेकांपासून इतके वेगळे असतात की एकदा ओळख झालेला माणूस त्यांची गल्लत करणार नाही. ती ओळख करून देणे तुमच्या हातात आहे.

हे मला का सुचले ते सांगते. तीन वर्षांपूर्वी एका शाळेच्या क्रीडास्पर्धा होत्या आणि मी मदतीला गेले होते. दोनशेवर मुले उघड्या मैदानावर होती. आदल्या संध्याकाळचा अंदाज 'अंशतः ढगाळ, दुपारनंतर गडगडाटासह पावसाची शक्यता ३० टक्के' असा होता. आयोजकांनी तो वाचला होता. ३० टक्के म्हणजे बहुधा नाहीच, असे सगळ्यांनी धरून चालले. सकाळी सातला मी वर पाहिले तर पश्चिमेकडे मधल्या उंचीवर ढगांची एक रांग होती. एकाच सपाट पायावर शेजारी शेजारी उभे राहिलेले बारीक बुरूज, किल्ल्याच्या तटासारखे. मी वहीत लिहिले : 'मध्यराशी, बुरूजदार.' वही मिटली आणि कामाला लागले. दहापर्यंत ते बुरूज विरून गेले, लख्ख ऊन पडले आणि सगळे म्हणाले, बघा, उघडलं. अडीच वाजता पहिला गडगडाट ऐकू आला तेव्हा लांब उडीची फेरी चालू होती. मुलांना इमारतीत नेईपर्यंत मैदानाच्या कडेच्या झाडावर वीज पडली. कुणाला इजा झाली नाही. पण त्या दोन-तीन मिनिटांत मुलांच्या मागून धावताना मला जे वाटले ते मी विसरलेले नाही.

तुमचा अंदाज त्या दिवशी चुकला नव्हता. दहापैकी तीन वेळा जे होईल असे तुम्ही म्हणाला होतात, ते त्या दिवशी झाले. आणि ते होण्याकडे दिवस झुकतो आहे हे आभाळाने सकाळी सातलाच दाखवले होते. मधल्या उंचीवरचे बुरूजदार ढग सांगतात की तिथली हवा अस्थिर आहे, थोडी वर ढकलली की आपणहून चढत जाणारी. सकाळी जमिनीलगत गार हवेचा थर असतो आणि त्याच्यावर बऱ्याचदा उबदार हवेचे झाकण बसलेले असते, म्हणून खालचे आणि वरचे एकमेकांना भेटत नाहीत. दुपारी तळची दमट हवा तापून ते झाकण फोडते आणि वर तिला आयती अस्थिर हवा मिळते. मग ढग थांबायला तयार नसतो. बुरूज दहा वाजता विरले ही उघडीप नव्हती. ते ऊन त्या दुपारच्या वादळाचे इंधन होते. तुमच्यापैकी प्रत्येकाला हे पाठ असणार. मला खूण दिसली होती, पण ती त्या ३० टक्क्यांशी कशी जोडायची हे अंदाजात कुठेच नव्हते.

टक्क्यांविषयी बोलायचे तर, ते देणे बंद करा असे मी मुळीच म्हणणार नाही. खात्री नसताना खात्रीचा आव न आणणे हा तुमच्या शास्त्राचा मोठेपणा आहे. पण तो आकडा वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही, हेही खरे. अ‍ॅमस्टरडॅम, अथेन्स, बर्लिन, मिलान आणि न्यूयॉर्क या शहरांतल्या लोकांना 'उद्या पावसाची शक्यता ३० टक्के' याचा अर्थ विचारणारा एक अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. अशी परिस्थिती असलेल्या दहा दिवसांपैकी तीन दिवशी पाऊस पडतो, हा अपेक्षित अर्थ बहुसंख्यांनी सांगितला तो फक्त न्यूयॉर्कमध्ये. बाकी ठिकाणी कुणी म्हणाले ३० टक्के वेळ पाऊस पडेल, कुणी म्हणाले ३० टक्के भागात पडेल. आणि अर्थ बरोबर कळला तरी एक अडचण उरतेच. आदल्या संध्याकाळी दिलेला तो आकडा दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत शिळा झालेला असतो. तोवर शक्यता ३० ची ७० झालेली असेल किंवा ५ वर आलेली असेल. हे बदललेले गणित आमच्या डोक्यावरच्या आभाळात उघड मांडलेले असते. ते वाचायची किल्ली तेवढी आमच्याकडे नसते.

हवेचे गणित संगणकावर मांडणाऱ्या तुमच्या मॉडेलांनी केलेली प्रगती मी आदराने पाहते. गेल्या काही दशकांत दर दहा वर्षांमागे अंदाजाचा पल्ला साधारण एका दिवसाने वाढला, म्हणजे पूर्वी तीन दिवसांपुढचे जेवढ्या भरवशाने सांगता येई, तेवढ्याच भरवशाने दहा वर्षांनी चार दिवसांपुढचे सांगता येऊ लागले. विज्ञानाच्या इतिहासात अशी शांतपणे झालेली प्रगती थोडीच असेल. पण साऱ्या पृथ्वीचे गणित मांडणारी चांगली मॉडेलेही आज नऊ-दहा किलोमीटरच्या चौकटींत हवा मोजतात. एखादा राशिमेघ, म्हणजे खालून सपाट आणि वरून ढिगासारखा फुगलेला ढग, जेमतेम किलोमीटरभर रुंद असतो. तो मॉडेलच्या जाळ्यातून निसटतो. त्याचा परिणाम सरासरीने धरला जातो, पण तो नेमका कोणत्या मैदानावर वाढेल हे कळत नाही. फुग्यांना उपकरणे बांधून वरच्या हवेची जी मोजणी होते ती बहुतेक ठिकाणी दिवसातून दोनदाच आणि तीही शेकडो किलोमीटर अंतरावरच्या केंद्रांवर. रडारला दिसतात ते पावसाचे थेंब. ढगातले १०-२० मायक्रोमीटरचे कण नेहमीच्या पावसाच्या रडारच्या नजरेत भरत नाहीत. एक थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात, आणि ते येईपर्यंत ढगाचा मनोरा उभा राहिलेला असतो. उपग्रह वरून पाहतो, त्यामुळे वर पातळ तंतुमेघांची, म्हणजे फार उंचावरच्या पिसासारख्या ढगांची, चादर असेल तर खाली काय शिजते आहे ते त्याच्यापासून झाकलेले राहू शकते. या सगळ्या फटींमध्ये एक निरीक्षक नेहमी उभा असतो. मैदानावरचा, शेतातला, गच्चीवरचा, होडीतला माणूस. त्याला तुमच्या साखळीत घ्या.

ढग मुळात इतके का सांगू शकतात, हे मला स्वतःला कळले तेव्हा फार आनंद झाला होता. हवेच्या हालचाली आपल्याला दिसत नाहीत, ढगामुळे त्या दिसू लागतात. हवा वर चढते, तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते आणि दर १०० मीटरला साधारण १ अंश सेल्सिअसने गार होते. गार होता होता दवबिंदूला, म्हणजे वाफेचे पाणी होऊ लागते त्या तापमानाला, पोचली की तिच्यातली वाफ कणाकणाने पाणी होते. म्हणून राशिमेघांचे तळ एका पातळीत, जणू अदृश्य काचेवर ठेवल्यासारखे सपाट असतात. ती पातळी घरी बसून काढता येते. तापमान आणि दवबिंदू यांतला फरक घ्या आणि प्रत्येक अंशाला १२५ मीटर धरा. तापमान ३० आणि दवबिंदू २२ असेल तर ढगाचा तळ सुमारे १००० मीटरवर. दवबिंदूचा आकडा तुम्ही देताच. त्याचे हे एवढे साधे गणित एकदा सांगितलेत तर कितीतरी मुले उद्यापासून तळ मोजू लागतील.

पायरी पायरीने चढणारी हवा पसरट थर देते, उसळी मारून चढणारी हवा ढीग देते आणि फार उंचावर बर्फाच्या कणांतून वाऱ्याने ओढलेले तंतू दिसतात. लंडनचे ल्यूक हॉवर्ड व्यवसायाने औषधे बनवणारे होते. त्यांनी १८०२ मध्ये एका व्याख्यानात हेच तीन मूळ आकार मांडले आणि त्यांना लॅटिन नावे दिली : सिरस म्हणजे केसांची बट, क्युम्युलस म्हणजे रास, स्ट्रेटस म्हणजे थर. पाऊस देणाऱ्या ढगाला निंबस. त्याच वर्षी फ्रान्समध्ये निसर्गशास्त्रज्ञ लामार्क यांनीही ढगांना नावे सुचवली होती, पण टिकली ती हॉवर्ड यांची. १८९६ मध्ये पहिला आंतरराष्ट्रीय मेघसंग्रह निघाला, आज जगभर ढगांच्या दहा जाती मानल्या जातात आणि २०१७ च्या नव्या आवृत्तीत आणखी काही प्रकारांना नावे मिळाली. आमच्यापर्यंत दहाही जाती पोचवा असा माझा आग्रह नाही. चार-पाच खुणा पुरेत. तंतुमेघ, राशिमेघ, स्तरमेघ ही मराठी नावे आहेतच. ती पाठ्यपुस्तकातून परीक्षेला येतात आणि मग आयुष्यातून जातात. रोजच्या अंदाजात ती आली तर टिकतील.

सर्वांत आधी सांगायला हवे ते राशिमेघांचे, कारण जीव जातात ते बहुधा त्यांच्याच मोठ्या भावंडापायी, म्हणजे गडगडाटी गर्जनमेघापायी. सकाळी दहा-अकराला कापसाच्या पुंजक्यांसारखे छोटे ढग उगवले, उंचीपेक्षा रुंदीच जास्त असली आणि दुपारी दोनपर्यंत तसेच राहिले, तर तो दिवस बहुधा कोरडा. वर कुठेतरी उबदार हवेचे झाकण आहे आणि ते फुटत नाही, असा त्याचा अर्थ. पण तेच ढग अकरा वाजताच रुंदीपेक्षा उंच होऊ लागले, माथ्यावर फुलकोबीसारखे उमाळे येऊ लागले आणि कडा कात्रीने कापल्यासारख्या धारदार दिसल्या, तर लक्ष ठेवायला हवे. धारदार कडा म्हणजे अजून पाण्याचे कण. मग एक क्षण असा येतो की माथा मऊ पडतो, रेषा पुसट होतात, कडेला केसाळ तंतू दिसू लागतात. वर बर्फ होऊ लागल्याची ती खूण. एकदा हे झाले की गारा, वीज आणि मुसळधार यांची तयारी झालीच. पुढे तो माथा स्थिर हवेच्या छताला टेकतो आणि लोहाराच्या ऐरणीसारखा आडवा पसरतो. उष्ण कटिबंधात हे छत १५-१८ किलोमीटरवर असते, थंड प्रदेशांत त्याहून खाली. अशा एकट्या गर्जनमेघाचे आयुष्य जेमतेम अर्धा ते एक तास, पण एकाच्या पायथ्याशी दुसरा उभा राहत गेला तर दुपारभर रांग चालू राहते.

हा सारा प्रवास उघड्या डोळ्यांना दिसतो, पुष्कळदा पहिला थेंब पडायच्या अर्धा-पाऊण तास आधी. दोनशे मुलांना आत न्यायला एवढा वेळ भरपूर होतो.

त्याच्या पुढची खूण फारच जवळची. वादळाच्या पुढ्यात लांबच लांब, आडवा, पायरीसारखा काळसर ढग खाली उतरलेला दिसला की तो कोसळत्या गार हवेच्या झोताच्या डोक्यावर स्वार असतो. उकाडा एकाएकी मोडतो, वारा दिशा बदलतो, धूळ उठते. तेव्हा हातात मिनिटेच असतात. फोटो काढत बसलेली माणसे मी पाहिली आहेत.

इथे एका म्हणीविषयी बोलायला हवे. 'गर्जेल तो पडेल काय' असे आपण लहानपणापासून म्हणत आलो. माणसांविषयी ती खरी असेल, पण ढगाविषयी ती घातक आहे. गडगडाट व्हायला वीज लागते, आणि वीज तयार होते ती ढगातले बर्फाचे कण व मऊ गारा एकमेकांवर आपटून. म्हणजे गर्जणाऱ्या ढगात पाऊस-गारा तयार झालेल्या असतातच. कोरड्या हवेतून खाली येताना तो पाऊस कधी कधी जमिनीवर पोचण्याआधी वाळून जातो, ढगाखाली झालरीसारखा लोंबताना दिसतो, आणि म्हण खरी झाल्यासारखे वाटते. वीज मात्र जमिनीवर पोचते. गडगडाट साधारण १५ किलोमीटरपर्यंत ऐकू येतो आणि वीज पावसाच्या कक्षेबाहेरही तेवढ्या अंतरावर पडू शकते. ऐकू आला म्हणजे आपण टप्प्यात आलो. लखलखाट आणि आवाज यांत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर धरायचा, हे खरे. पण अंतर मोजत बाहेर उभे राहण्यापेक्षा आत जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच राहावे. हे तुम्ही इशाऱ्यांत सांगता. रोजच्या साध्या अंदाजातही सांगा. इशारा नसलेल्या दिवशीही वीज पडते.

दुसरी मोठी कथा संथ आहे आणि मला ती अधिक आवडते. समशीतोष्ण प्रदेशांत उबदार हवेची आघाडी, म्हणजे गार हवेला भिडणारी उबदार हवेची पुढची कड, येते तेव्हा ती गार हवेच्या पाठीवरून अगदी हलक्या चढाने सरकत वर जाते. शंभर-दोनशे किलोमीटरला एक किलोमीटर, इतका तो चढ मंद. म्हणून तिचा माथा पायाच्या कितीतरी पुढे चालतो. आधी येतात पिसासारखे तंतुमेघ, टोकाला आकडे असलेले. हळूहळू ते दाट होत सगळ्या आभाळावर दुधाळ पडदा ओढतात आणि सूर्याला किंवा चंद्राला खळे पडते. हात लांब करून पसरलेली एक वीत, म्हणजे सुमारे २२ अंश, एवढी त्या खळ्याची त्रिज्या. षट्कोनी बर्फकणांतून प्रकाश वळतो म्हणून ती नेहमी एवढीच. चंद्राला अगदी चिकटून जे छोटे रंगीत वलय दिसते ते वेगळे. ते पाण्याच्या कणांमुळे पडते आणि त्याचा अर्थ खळ्यासारखा नसतो. आपण दोन्हींना एकच नाव देतो, आणि तिथेच खुणेचा घोटाळा होतो. खळ्यानंतर पडदा राखाडी होतो, सूर्य घासलेल्या काचेआडून दिसावा तसा दिसतो आणि मग जमिनीवरची आपली सावली नाहीशी होते. ही सावली जाण्याची खूण मला सर्वांत उपयोगी वाटते. तिला मान वर करावी लागत नाही आणि शेंबड्या पोरालाही ती कळते. त्यानंतर ढग खाली खाली येतो आणि काही तासांत वर्षास्तरमेघाची, म्हणजे पाऊस देणाऱ्या जाड थराच्या ढगाची, न थांबणारी झड लागते. पहिल्या पिसापासून पहिल्या थेंबापर्यंत बारा ते चोवीस तास मिळू शकतात.

पण, आणि हा 'पण' या पत्राचा गाभा आहे, हे सगळीकडे असे चालत नाही. उष्ण कटिबंधात तशा आघाड्या येत नाहीत. तिथले तंतुमेघ बहुतेकदा दूरच्या एखाद्या गर्जनमेघाच्या ऐरणीचे उरलेले तुकडे असतात. ते उद्याविषयी काही सांगत नाहीत, कालच्या संध्याकाळची आठवण तेवढी असतात. उलट हेच तंतू क्षितिजावरच्या एका बिंदूतून पंख्यासारखे पसरलेले दिसले आणि मोसम चक्रीवादळांचा असला, तर त्यांचा अर्थ फार गंभीर होतो. हवानाच्या वेधशाळेत बेनितो विन्येस नावाच्या जेझुइट धर्मगुरूंनी अशा तंतुमेघांच्या रोखावरून चक्रीवादळाचे केंद्र कुठे असेल याचा अदमास घेण्याची रीत बसवली आणि १८७५ मध्ये येणाऱ्या वादळाचा इशारा दिला. उपग्रह तर दूरच, तेव्हा विमानही नव्हते. एकच तंतुमेघ एका जागी झड आणतो, दुसरीकडे काहीच आणत नाही, तिसरीकडे वादळाची दिशा दाखवतो. म्हणूनच ढगांची सर्वसाधारण माहिती देणारी पुस्तके वाचून हे काम भागत नाही. आज, या जागी, या मोसमात, या हवेत तो ढग काय म्हणतो हे तुम्हीच सांगू शकता. तुमच्यासमोर फुग्याची मोजणी असते, मॉडेलचा नकाशा असतो, उपग्रहाचे चित्र असते. आमच्याकडे डोळे आहेत.

बाकीच्या खुणांची यादी मी करत बसत नाही. डोंगराच्या पलीकडे एका जागी स्थिर उभा राहिलेला भिंगाच्या आकाराचा ढग वर जोराचा वारा असल्याचे सांगतो. विमानाच्या मागची पांढरी रेघ लगेच पुसली गेली तर वर हवा कोरडी आहे, पसरत राहिली तर ओलसर. स्तरमेघाची भुरभुर कितीही वेळ चालली तरी त्यातून मुसळधार येत नाही.

माझे मागणे नवे नाही, हेही मांडते. १८५९ च्या ऑक्टोबरमध्ये 'रॉयल चार्टर' हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर ब्रिटनच्या हवामान विभागाचे प्रमुख रॉबर्ट फिट्झरॉय यांनी तारायंत्राने निरीक्षणे गोळा करून १८६१ पासून बंदरांना वादळाचे इशारे द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला लंडनच्या 'टाइम्स'मध्ये लोकांसाठीचा दैनिक अंदाज छापून आला. ही भविष्यवाणी नव्हे, हा शास्त्रीय निरीक्षणांवरून काढलेला अदमास आहे, असे ते बजावत. पण मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते. मासेमारीच्या छोट्या बंदरांवर त्यांनी वायुदाबमापक बसवायला लावले आणि ते कसे वाचायचे हे साध्या शब्दांत कोळ्यांपर्यंत पोचवले. वरून आलेला इशारा आणि हाताशी असलेली खूण, दोन्ही एकत्र. अंदाज म्हणजे काय याची त्यांची कल्पना तशी होती. मधल्या दीडशे वर्षांत पहिला भाग अफाट वाढला आणि दुसरा गळून गेला.

आता तर वेधशाळांतही आभाळाकडे पाहणारी माणसे कमी होत चालली आहेत. ढगांची उंची लेसरचे यंत्र मोजते, आणि ते बरेच अचूक मोजते. पण ते सरळ वर, एकाच रेषेत पाहते. पश्चिमेच्या क्षितिजावर उभ्या राहिलेल्या बुरुजांना ते ओळखत नाही. आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतले किती ढगांनी झाकले हे सांगण्याची जुनी रीत होती. त्याच नोंदीत ढगाची जातही लिहिली जाई. किती हे यंत्र अजून सांगते. कोणते हे अनेक ठिकाणी कुणीच लिहीत नाही. ज्यांनी वर्षानुवर्षे तासातासाला बाहेर येऊन ती जात लिहिली, त्या निरीक्षकांविषयी मला फार कृतज्ञता वाटते. त्यांची नजर सगळ्या वाचकांमध्ये थोडी थोडी वाटून देता येईल.

तुमच्या शंका मी समजू शकते. लोक ढग पाहून तुमचा इशारा धुडकावतील, ही पहिली. म्हणून त्या ओळीत एक गोष्ट कधीच बदलू नये : खूण सावध होण्यासाठी आहे, निर्धास्त होण्यासाठी नाही. धोक्याचा इशारा लागू असेल तर निळ्या आभाळाकडे बोट दाखवून बाहेर पडायचे नाही. पुराचे पाणी दूर पडलेल्या पावसाचे असते, ते आपल्या डोक्यावर दिसतच नाही. दुसरी शंका रात्रीची. रात्री ढग दिसत नाहीत, तेव्हा त्या वेळच्या अंदाजाला ओळ जोडू नका, किंवा चंद्राला खळे पडेल अशा रात्रीच जोडा. तिसरी शंका अशी की ढगांवरून फार तर पुढच्या काही तासांचे, कधी दिवसभराचे सांगता येते. अगदी मान्य. त्या पलीकडचे तुमचेच राज्य आहे. माणूस मुलांना मैदानावर सोडायचे की नाही, कापलेले पीक झाकायचे की नाही, होडी पाण्यात ढकलायची की नाही, हे ठरवतो ते मात्र त्या काही तासांतच.

ओळ कशी असावी याचे नमुने मी वहीवरून करून पाहिले आहेत. 'दुपारनंतर गडगडाटी पावसाची शक्यता ३० टक्के. सकाळी मधल्या उंचीवर बुरूजदार ढग दिसले, किंवा अकराच्या आत राशिमेघ रुंदीपेक्षा उंच झाले, तर शक्यता बरीच जास्त समजा. एकपर्यंत ते चपटेच राहिले तर कमी.' किंवा, 'उद्या संध्याकाळपासून संततधार. दुपारपर्यंत सूर्य पुसट होऊन सावली गेली नाही, तर पाऊस उशिरा येईल किंवा हुकेल.' किंवा नुसते, 'आज दिसणारे तंतुमेघ कालच्या वादळाचे अवशेष आहेत, त्यांवरून काही ठरवू नका.' ही शेवटची ओळ मला विशेष हवी आहे. कशाकडे दुर्लक्ष करायचे हेही कुणीतरी सांगावे लागते.

हे लगेच सर्वत्र सुरू करा असे मी म्हणत नाही. एका केंद्राने, एका मोसमापुरते, फक्त गडगडाटी पावसाच्या दिवसांसाठी करून पाहावे. लोक खुणा पाहतात का, ओळखतात का, त्यांना वेळेवर आत जाता आले का, हे विचारावे. ओळ चुकीची ठरली तर तीही तशीच जाहीर लिहावी. माझ्या नऊ वर्षांच्या वह्या कुणाला तपासायच्या असतील तर मी त्या आनंदाने देईन. त्यांत चुका असतील. पाण्याच्या वलयाला मी कितीतरी वेळा खळे म्हटले आहे, ते दुरुस्त करायचे आहे.

वहीत उद्याच्या तारखेखाली मी एक जास्तीचा रकाना आखला आहे : 'खूण दिली होती का?' सकाळी सातची नोंद करताना तो आधी भरीन.

आपली नम्र,
आभाळाची नोंद ठेवणारी एक वाचक